डबा कुठं लावायचा?

सकाळी ७.२०

तोंडात ब्रश असतानाच पहिला फोन. "दादा, नेट गेलंय." हे वाक्य मी दिवसातून पंधरा-वीसदा ऐकतो आणि त्यातून मला काहीच कळत नाही. म्हणून मी एकच उलटा प्रश्न विचारतो, "डब्यावर लाल दिवा आहे का?" लाल दिवा लुकलुकत असेल आणि त्याखाली 'एलओएस' अशी अक्षरं असतील तर दोष आमचा. काच कुठंतरी तुटली, वाकली किंवा सांधा सुटला, आणि उजेड घरापर्यंत पोचत नाहीये. सगळे दिवे हिरवे असतील आणि तरीही आतल्या खोलीत मोबाइलवर गोल गोल फिरत असेल, तर दोष बहुतेक वेळा घरातला. भिंतींचा, कपाटाचा, आणि डबा लावलाय त्या जागेचा. ती जागा बऱ्याचदा मीच निवडलेली असते, ते पुढं येईलच.

आजचा फोन लाल दिव्याचा. साताऱ्यात चार दिवस पाऊस हटलेला नाही, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात आहे. "बंद करून चालू केलं का?" असं मी मुद्दाम विचारत नाही. लाल दिव्याला त्याचा उपयोग नसतो आणि लोकांनी ते चारदा केलेलं असतं.

८.४५

पोवई नाक्याजवळच्या गल्लीत आमचं ऑफिस. मालकांनी व्हिडिओ कॅसेटच्या काळात केबल सुरू केली. मग डिश आली, सेट-टॉप बॉक्स आले, आता फायबर. तरी पेठांमध्ये आम्ही अजून 'केबलवाले'च.

यादीत दोन नवी कनेक्शनं, पाच तक्रारी. सॅकमध्ये पॉवर मीटर, काच कापायचं क्लीव्हर, क्रिम्पिंगची पक्कड, लाल उजेडाचा पेन, स्पिरिटची बाटली, खिळेवाल्या क्लिपा. काच जोडायचं स्प्लाइसिंग मशीन वेगळ्या पेटीत. मालकांचा जीव त्या पेटीत आहे. पावसात आधी ती झाकायची, मग स्वतःला. ड्रिल मशीन गाडीच्या हुकाला, आणि शिडी जोडीदाराच्या खांद्यावर. तो पायऱ्यांच्या मधून डोकं बाहेर काढून मागं बसतो आणि वळणावर "हळू" एवढंच म्हणतो.

९.३०

चिमणपुऱ्यात झाडाची फांदी वायरवर पडली होती. वायर वरून धड दिसत होती, आतली काच मोडलेली. खांबावरच्या बॉक्समध्ये मीटर लावला, वजा अठरा. ग्राहकाच्या घरी मीटर लावला, काहीच नाही. म्हणजे बिघाड या दोनशे फुटांतच.

हे 'वजा अठरा' नव्या पोरांना समजावताना मी शून्यापासून सुरुवात करतो. शून्य म्हणजे एक मिलिवॉट उजेड. वजा दहा म्हणजे त्याचा दहावा भाग, वजा वीस म्हणजे शंभरावा. दर तीन आकड्यांना उजेड निम्मा होतो. ऑफिसातून निघालेला उजेड वाटेत आधी चार ठिकाणी आणि मग प्रत्येकी आठ ठिकाणी वाटला जातो. एका काचेवर बत्तीस घरं. तरी वजा चोवीस-पंचवीसपर्यंत घरातला डबा तो उजेड नीट वाचतो. वजा सत्तावीसच्या पुढं मात्र कुरकुर सुरू होते, आणि तिशीला लाल दिवा.

जोडीदारानं छत्री धरली, मी स्कूटरच्या सीटवर मशीन मांडलं. वायरीचं वरचं साल काढायचं, मग काचेवरचा पातळ थर. उरते ती सव्वाशे मायक्रॉनची काच, साधारण आपल्या केसाएवढी. उजेड त्यातल्याही फक्त नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून धावतो. स्पिरिटनं पुसायची, क्लीव्हरनं टोक सरळ तोडायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती दोन टोकं ओंडक्यांसारखी दिसतात, मग एक ठिणगी पडते आणि ओंडके एक होतात. वर नळी चढवून तापवली की झालं. तोडलेले काचेचे तुकडे मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकतो. फरशीवर पडला तर दिसत नाही, आणि रांगत्या पोराच्या तळव्यात गेला तर काढताही येत नाही. नव्या पोरांना मी जोडणी नंतर शिकवतो, बाटली आधी.

घरात वजा एकोणीस आलं. दिवा हिरवा झाला. आतून आवाज आला, "आलं, आलं!" आमच्या धंद्यात एवढीच शाबासकी असते.

१०.४५

शाहूपुरी, दुसरा मजला, नवं कनेक्शन. आज मन लावून केलेलं काम हेच, त्यामुळं जरा सविस्तर.

मुलगा पुण्याच्या कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. त्यानं स्वतःचा राऊटर आधीच विकत आणून ठेवला होता, चार शिंगांचा. आमचा डबा मी टेबलावर ठेवला तसे वडील म्हणाले, "दोन दोन डबे कशाला? एकात होत नाही काय?"

होतं. हल्ली आम्ही देतो त्या डब्यात मोडेम आणि राऊटर एकत्रच असतात, म्हणून लोक दोघांनाही 'वायफाय' म्हणून मोकळे होतात. पण कामं दोन आहेत. मोडेम म्हणजे वेस. बाहेरून काचेतून येणारा उजेड आत घेतो आणि विजेच्या भाषेत उलथा करून देतो. राऊटरचं काम वाड्यासारखं. वाड्याचा बाहेरचा पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. कुठलं पत्र कुठल्या बिऱ्हाडाचं, हे ज्याला माहीत तो राऊटर. प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला तो आतला नंबर देतो. १९२.१६८ नं सुरू होणारे हे नंबर घरोघर तेच असतात. गावात 'मधली खोली' सगळ्यांकडे असते आणि कुणाची गल्लत होत नाही, तसंच.

आता दोन राऊटर एकामागं एक लावले की वाड्याला दोन कारभारी होतात. पत्र आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. साधं बघणं-वाचणं चालतं, पण ऑफिसचं व्हीपीएन, गेम, घरातला कॅमेरा असलं काही असलं की रुसवे सुरू. म्हणून आमचा डबा मी 'ब्रिज'वर टाकला. त्यानं फक्त वेस सांभाळायची, कारभार मुलाच्या राऊटरनं बघायचा. आमचं युजरनेम आणि पासवर्ड त्या राऊटरमध्ये भरला. तरी नेट येईना. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी ऑफिसात फोन केला, "मॅक सोडा." प्रत्येक यंत्राचा एक जन्मजात नंबर असतो. आमच्या सिस्टिमनं आधीच्या डब्याचा तो धरून ठेवला होता, नव्याला ती दारात उभं करीना. ऑफिसातून तो सोडला, अर्ध्या मिनिटात नेट चालू. हे ठाऊक नसल्यामुळं लोक चांगले राऊटर 'खराब निघाला' म्हणून परत पाठवतात.

खरा प्रश्न त्यानंतरचा. डबा कुठं लावायचा?

वडिलांचं मत टीव्हीमागं, म्हणजे वायरी दिसणार नाहीत. मुलाचं मत त्याच्या खोलीत. आई म्हणाल्या, "कुठंही लावा, फक्त देवघराला भोक नको." मी माझा मोबाइल काढून घरभर फिरलो. टीव्हीमागं ठेवला तर टीव्हीचा पत्रा लहरी अडवतो आणि स्वयंपाकघरात काही उरत नाही. मुलाच्या खोलीत ठेवला तर हॉलपर्यंत दोन भिंती आणि मध्ये मोठ्या आरशाचं लोखंडी कपाट. आरसा आणि लोखंड दोन्ही लहरी परत फेकतात. उरला मधला पॅसेज, जिथून तिन्ही खोल्यांची दारं दिसतात. तिथं माणसाच्या डोक्याच्या वर एक छोटी फळी आहे, तिच्यावर शेगडीचं माहितीपत्रक आणि जुनी छत्री होती. तीच जागा. "पण तिथं पॉइंट नाही," वडील म्हणाले. नसतोच. आपल्याकडे घर बांधताना फ्रिजसाठी पॉइंट काढतात, गिझरसाठी काढतात. घराच्या मधोमध, उंचावर एक पॉइंट काढायचं अजून कुणाला सुचत नाही. बांधकाम चालू असलेलं कुणाचं घर दिसलं की मी गाडी थांबवून हे सांगतो. लोक मला वेडा समजतात, पण दोघांनी ऐकलंय.

शेवटी आमचा मोडेम दाराजवळ ठेवला, तिथून लॅनची वायर पट्टीतून पॅसेजपर्यंत नेली, आणि विजेसाठी मुलाच्या खोलीच्या स्विचबोर्डावरून एक केसिंग वर चढवली. पाऊण तास जादा गेला.

नेटवर्कला नाव काय? आईंनी लगेच 'श्री स्वामी समर्थ' सांगितलं. माझ्या यादीतलं हे नाव कितवं, मोजणं मी सोडलंय. पासवर्ड मोबाइल नंबर नको म्हटलं. तो शेजाऱ्यांनाही पाठ असतो. राऊटरच्या आतल्या पानाचा जो पासवर्ड पेटीतून बाहेर येतानाच ठरलेला असतो, तोही बदलून दिला. वायफायचा बदलतात, हा कुणी बदलत नाही, आणि घराची खरी किल्ली हाच असतो.

निघताना मुलानं जुन्या लॅपटॉपला वायर लावून वेग मोजला. "दीडशेचा प्लॅन आहे, चौऱ्याण्णवच येतोय." त्या लॅपटॉपचं भोकच शंभरचं आहे, त्यातून चौऱ्याण्णवच बाहेर येतात. मोबाइलवर मोजलं, एकशे अठ्ठेचाळीस. आणि दीडशे म्हणजे बिट. सिनेमा मोजतात बाइटमध्ये, आठ बिटांचा एक. सेकंदाला जेमतेम अठरा-एकोणीस एमबी उतरतात. हे भांडण आठवड्यातून एकदा होतंच.

१.१०

माची पेठ. वाडा. इथं यायला मी जरा कचरत होतो.

आजींची तक्रार महिन्यात तिसऱ्यांदा. सगळे दिवे हिरवे. लेक कॅनडात, संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येतो, तेव्हा तिकडं सकाळ असते. आजी माजघरात बसतात. गुडघे दुखतात, तिथं त्यांची खुर्ची आहे. माजघरात चित्र थांबतं, आवाज तुटतो. सगळ्यांनी त्यांना एकच उपाय सांगितला होता, ओसरीवर डब्याखाली जाऊन बसा.

आजी म्हणाल्या, "अरे, पावसाळ्यात मी ओसरीवर का बसू? डबा माझं ऐकणार का मी डब्याचं?"

त्यांचं बरोबर होतं, आणि डबा ओसरीवर दाराच्या चौकटीशी मीच लावला होता, दोन वर्षांपूर्वी. त्या दिवशी सहा कनेक्शनं संपवायची होती. वायर दाराशी आली, तिथं पॉइंट होता, भोक पाडायची गरज नव्हती. दहा मिनिटांत काम झालं. ओसरीवर उभं राहून वेग दाखवला, सही घेतली. माजघरात मी गेलोसुद्धा नाही.

वाड्याची भिंत दोन फुटांची, दगड आणि माती. पावसात ती ओल धरते, आणि पाणी या लहरींना शोषून घेतं. उन्हाळ्यात थोडंफार चालायचं ते जूनमध्ये बंद पडायचं, ते यामुळं. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो. पाच गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपुढं दमतो. २.४ चा वेग कमी, पण जरा दूर जातो. अशा भिंतीपुढं दोघंही हरतात.

पुतण्यानं त्यांना ऑनलाइन एक रिपीटर मागवून दिला होता, प्लगला लावायचा. त्यावर मोबाइलला पूर्ण रेंज दिसायची आणि नेट तसंच. साध्या रिपीटरला एका वेळी एकच काम जमतं, ऐकणं किंवा पुढं सांगणं. म्हणून वेग निम्मा. शिवाय तो माजघरातच लावलेला, म्हणजे त्याला स्वतःलाच अर्धवट ऐकू येत होतं. अर्धवट ऐकलेलं तो मोठ्यानं सांगायचा.

भिंतीला भोक पाडायचा प्रश्नच नव्हता, माती ढासळते. पण माळा आहे. ओसरीवरून वायर तुळईच्या कडेनं वर चढवली, माळ्यावरून नेली आणि माजघराच्या कोनाड्याशी उतरवली. माळ्यावर जोडीदार ओणवा, अंगभर धूळ, आणि आजी खालून, "तिथं ताम्हण असेल, ते खाली देशील का रे?" ताम्हण मिळालं. टोकांना जॅक लावले. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ही आरती मला झोपेतही येते. आठांतली निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट बसली नाही तरी नेट चालतं, पण वेग शंभरावर येऊन थांबतो, आणि मग कारण शोधत बसावं लागतं.

ऑफिसातून एक जुना राऊटर बरोबर आणला होता. त्याचा कारभार काढून घेतला, म्हणजे नंबर वाटायचं काम बंद. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, कारण एक नंबर ओसरीवरच्या डब्याचा आहे. वायर त्याच्या निळ्या भोकात न घालता पिवळ्या भोकात घातली. या एका भोकाच्या चुकीपायी लोक दिवस घालवतात. नाव आणि पासवर्ड तोच ठेवला, म्हणजे आजी कुठंही बसल्या तरी मोबाइल आपला आपण जवळचा डबा धरतो.

कोनाड्यात पूर्वी कंदील असायचा, आजी म्हणाल्या. पैसे विचारले. मी वायरीचे घेतले, बाकी नको म्हणालो. कारण सांगितलं नाही.

२.५०

वडाप रिक्षांच्या थांब्यामागं उभ्यानं डबा खाल्ला. भाकरी, मेथी, ठेचा.

३.३०

सदर बझार. निवृत्त सुभेदार, नोकरी सिग्नल्समध्ये. मी दारात असतानाच म्हणाले, "एलओएस म्हणजे काय सांग." मी म्हटलं, "लॉस ऑफ सिग्नल." ते हसले. "आमच्यात लाइन ऑफ साइट. समोरचा डोंगर दिसला पाहिजे, तर बोलणं होणार. तुझ्यात उजेड गेला की एलओएस, आमच्यात नजर गेली की."

त्यांची तक्रार अशी की नेट दिवसातून चार-पाच वेळा तीन मिनिटं जातं आणि येतं. असं सांगणारे पुष्कळ असतात, पण सुभेदारांनी वही ठेवली होती. तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठला दिवा. आठ दिवसांच्या नोंदी. मी वही वाचत होतो तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, पंखा क्षणभर मंदावून पुन्हा फिरला. राऊटरचे सगळे दिवे मात्र विझले आणि एकेक करून पुन्हा लागायला लागले. वहीतल्या वेळा म्हणजे लाइट जाण्याच्या आणि येण्याच्या वेळा होत्या. इन्व्हर्टर बदली व्हायला जो पापणी लवण्याएवढा वेळ लागतो, तो पंख्याला चालतो, राऊटरला चालत नाही. तो बंद होऊन पहिल्यापासून उठतो, आणि उठायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. राऊटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, वहीएवढा. तो लावला. अडॅप्टरवरचा आकडा आणि डब्यावरचा आकडा जुळतोय हे त्यांनी स्वतः चष्मा लावून तपासलं.

चहा घेताना म्हणाले, "माझ्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. आणि आता तू घरोघर ट्रान्समीटर टांगत फिरतोस." खरं आहे. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ साली बिनपरवाना झाला, म्हणून हा धंदा आहे. त्या पट्ट्याचा तोटाही तोच, की तो सगळ्यांचा आहे. शेजाऱ्याचा राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्यातच बोलतात. एकमेकांवर न आदळणारे चॅनल त्यात तीनच धरायचे, एक, सहा आणि अकरा. त्यांच्या इमारतीत सात डबे सहावर बसले होते. मी त्यांचा अकरावर नेला. त्यांनी वहीत नोंद केली.

५.१५

कॉट बेसिसची खोली. एमपीएससीची नऊ पोरं, एक कनेक्शन, चाळीसचा प्लॅन. "सर, स्लो आहे." डब्यात यादी उघडली, एकवीस यंत्रं जोडलेली. नऊ पोरांची एकवीस कशी? पासवर्ड खालच्या मजल्यावर पोचला होता. पासवर्ड बदलला. तो कुणी दिला यावरून आत वाद सुरू झाला, मी जिना उतरलो.

६.४५

ऑफिस. मीटर पुसून ठेवला, मशीनची पेटी मालकांनी स्वतः उघडून बघितली. एक नवं कनेक्शन राहिलं, ते उद्यावर. मालक म्हणाले, "शाहूपुरीत दोन तास? वाड्यात दीड?" मी म्हटलं, वाड्याची तक्रार आता परत येणार नाही. त्यांनी वहीत बघितलं, आजींच्या नावापुढं यंदाच्या अकरा फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीचं पेट्रोल, अर्धा तास, दोन माणसं. मालक हिशेबाचे पक्के आहेत. काही बोलले नाहीत, पण उद्याच्या यादीत त्यांनी पाच कामं लिहिली, सात नाही.

साडेसातला मोबाइलकडे दोनदा बघितलं. आजींचा फोन आला नाही.

८.२०

राहिलेल्या कनेक्शनवाल्यांना घरून फोन केला. करंजे, तळमजला, चार खोल्या, सात माणसं. ते म्हणाले, "दाराशेजारी पॉइंट आहे, तिथंच लावून टाका, दहा मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "काका, सकाळी साडेनऊला येतो. तेवढ्यात तीन गोष्टी करून ठेवा. संध्याकाळी घरातलं कोण कुठं बसतं, ते एका कागदावर लिहा. घराच्या मधोमध एखादी उंच फळी मोकळी करा, पॉइंट नसला तरी चालेल. आणि पासवर्ड ठरवून ठेवा, मोबाइल नंबर सोडून."